बारमाही

हॉटेलाच्या हजेरीवहीत तिचं नाव होतं, पण त्या वहीबाहेर ते कुणी घेतलं नाही. सगळे तिला चादरमावशी म्हणायचे. मॅनेजर, तिला मुलगा असता तर त्याच्या वयाचा, तोही मावशी म्हणायचा. सत्तरीला टेकलेला माळी होता, तोही मावशीच म्हणायचा आणि वर लाजायचा.

डोंगरावरच्या त्या हॉटेलात एकतीस वर्षं धुणं तिच्या ताब्यात होतं. धुवायला यंत्रं होती, इस्त्रीला दोन गडी होते. पण कपडा वाळला का नाही, हे यंत्राला कळत नाही आणि गड्याला कळून घ्यायचं नसतं. ते मावशीला कळायचं. मनगटाची उलटी बाजू चादरीवर टेकवायची, एक श्वास थांबायची आणि म्हणायची, "ओली आहे."

"अहो मावशी, खडखडीत वाळलीय की!"

"तुझ्या हाताला वाळलीय. निजणाऱ्याच्या पाठीला अजून ओलीच आहे. टाक परत दोरीवर."

डोंगरावर खरी मालकी ओलीची. ती भिंतीत शिरते, गादीत शिरते, माणसाच्या गुडघ्यात घर करते. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटं नाही. पण जो डोंगरावरच राहतो, त्यानं लांब कुठं जाऊन तो बघायचा?

मावशी इथं आली तेव्हा बावीस वर्षांची होती. नवरा हॉटेलच्या गाडीवर ड्रायव्हर होता. चार वर्षांनी तो खाली सपाटीला एका कामासाठी गेला. मेला म्हणावं तर मेला नाही, पळाला म्हणावं तर भांडणही नव्हतं. नुसता परत आला नाही. पुढं कळलं, तिकडं त्याचं दुसरं बिऱ्हाड आहे. मावशीनं त्याचे दोन शर्ट धुतले, इस्त्री केली आणि जाणाऱ्या गाडीनं धाडून दिले. एवढंच तिचं भांडण.

राहायला हॉटेलच्या मागच्या चाळीत एक खोली होती. मधली भिंत म्हणजे फळी. फळीपलीकडे स्वयंपाकीणबाई. ती घोरायची म्हणजे वखारीत करवत चालावी तशी. वीस वर्षं मावशीनं त्या करवतीच्या नावानं बोटं मोडली. मग बाई थकली, मुलाकडं निघून गेली आणि मावशीची झोपच उडाली. कूस बदलावी, कान लावावा, पलीकडे काही नाही. तेव्हा तिला उमगलं की आपल्याला माणसांत राहायची तशी हौस नाही, गप्पांचं वेड नाही, पण भिंतीपलीकडे कुणीतरी असलं पाहिजे. त्यानं आपल्याशी बोलायलाच पाहिजे असं काही नाही. नुसतं असलं तरी पुरे.

हे ती कुणाला बोलली नाही. सांगायचं तरी कसं? "मला शेजारी कुणीतरी घोरायला पाहिजे" असं कोणती शहाणी बाई म्हणेल?

त्या वर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी मॅनेजरनं तिला बोलावलं. टेबलावर नकाशा पसरला होता.

"मावशी, मागची चाळ पाडतोय. तिथं पाहुण्यांच्या खोल्या व्हायच्यात. तुमचंही वय झालं, आता विश्रांती घ्या."

"कुठं मिळते?"

"काय?"

"विश्रांती. सांगा, घेऊन येते."

मॅनेजर हसला. पण नकाशावर तिच्या खोलीच्या जागी लाल पेन्सिलीची फुली होती आणि ती काही हसत नव्हती. सहा आठवड्यांची मुदत मिळाली.

धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, इकडं ये की. पुढच्या खोलीत तुझी खाट टाकू. आमच्या घरात माणसांना तोटा नाही."

हे खरं होतं. दोन वर्षांपूर्वी मावशी तिकडं आठ दिवस राहून आली होती. सगळे चांगले वागले. इतके चांगले की तिला टॉवेलाची घडीसुद्धा घालू देईनात. "राहू द्या हो मावशी, तुम्ही बसा." चहाचा कप खाली ठेवायच्या आत सून उचलून न्यायची. चार दिवस ती पाहुणी होती, पाचव्या दिवसापासून म्हातारी झाली. त्यातून खालचं ऊन. अंगातली हाडंसुद्धा घामेजतात असं.

"नको गं. मी इथंच बघते एखादी खोली."

"एकटीच राहणार डोंगरावर?"

"डोंगरावर कोण एकटं असतं? वाट चुकलेली बकरी."

"तेच म्हणते मी!" धाकटी म्हणाली.

तर मावशीनं जागा शोधायची ठरवली. आता बघा, या बाईनं जन्मात काही निवडलं नव्हतं. नवरा थोरल्यांनी ठरवला, काम नवऱ्यामागून आलं, खोली कामामागून आली. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारत होतं, "बोला, कुठं राहायचंय?"

विचारणारा होता जागांचा दलाल. गावात त्याला अगदीभाऊ म्हणत. काही विचारा, "अगदी!" म्हणणार. हवेशीर आहे का? अगदी. उबदार आहे का? अगदी. दोन्ही कसं असेल बाबा? अगदी बरोबर बोललात! माणूस लबाड नव्हता. नाही म्हणायला त्याच्या जिवावर यायचं, एवढंच.

गाव तीन थरांत वसलेलं. तळाला ओढ्याची आळी, मधे बाजार, माथ्यावर उन्हाची पाठ. मावशीनं पिशवीत तीन रुमाल घेतले, एकाच ताग्यातले, एकाच मापाचे. जागेवर गेली की नळाखाली रुमाल भिजवायची, पिळायची, खिडकीत टाकायची आणि घड्याळ बघायची.

"मावशी, हे काय?"

"भिंतीला रंग लावून ओल लपवता येते. रुमाल खोटं बोलत नाही."

"अगदी!"

बाजारातली खोली गाड्यांच्या तळासमोर होती. रुमाल अडीच तासांत वाळला, पण काळा झाला. खाली माणसांचा पूर, आणि एकही तोंड दुसऱ्यांदा दिसेना. गर्दी असते तिथं शेजार नसतो. मावशी उठली.

ओढ्याच्या आळीत घरं एकमेकांना टेकून उभी होती, दारुडे घरी निघावेत तशी. ऊन दहाला यायचं आणि दोनला जायचं, तेही छपरावरूनच. अंगणात बायका कपडे पिळत भांडत होत्या की भांडता भांडता पिळत होत्या, कळेना. रुमाल सकाळी टाकला तो संध्याकाळी पाचलाही तसाच, मेलेल्या माशासारखा गार. मावशीनं मनगट लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"इथं चादर टाकली तर ती वाळायच्या आधी फाटेल."

"अगदी," अगदीभाऊ म्हणाला, आणि खऱ्या मनानं म्हणाला.

मग उन्हाची पाठ. डोंगराच्या माथ्यावर दोन्ही बाजूंनी उघडी सोंड, तिच्यावर ओळीनं एकोणीस घरं. खोली स्वच्छ, मागं ओटा, ओट्याला नळ. रुमाल टाकला आणि तास उलटायच्या आत तो असा वाळला की हातात कडकन वाजला. असं वाळणं मावशीनं एकतीस वर्षांत बघितलं नव्हतं. आणि त्याहून मोठं म्हणजे दोन्ही अंगांना शेजार. डाव्या हाताला टोपीवाले आजोबा नि त्यांची बायको, खुर्च्या टाकून बसलेले, जुन्या कुठल्यातरी लग्नात कोण रुसलं होतं यावरून हमरीतुमरीवर आलेले. उजव्या हाताला एक कुटुंब, त्यांची मुलगी दोरीवरच्या उड्या मारत होती आणि धप धप आवाज थेट मावशीच्या भिंतीतून येत होता. मावशीला तो पायाखालून वर चढल्यासारखा वाटला.

तिला विचारायचं होतं, ही माणसं इथंच राहतात ना? कायमची? पण असं विचारलं तर समोरचा म्हणणार, मावशीला एकटं राहायची भीती वाटते. सत्तावीस वर्षं नवऱ्यावाचून ताठ काढलेल्या बाईला ते जड गेलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची जात. ओट्यापाशी उभी होती, हात नळावर टेकलेला, डोळे शेजारच्या खिडक्यांकडं. म्हणाली, "इथलं बारमाही आहे ना?"

"अगदी! बारमाही म्हणजे बारमाही. मी स्वतः बघितलंय."

"थंडीत?"

"थंडीत तर जास्त!"

मावशीनं वर्षाचा करार तिथल्या तिथं केला.

दोन महिने तिनं राजवाड्यात राहावं तसं काढले. सकाळी उड्यांच्या आवाजानं जाग यायची. दुपारी आजीबाईंचं आणि आजोबांचं जुंपायचं. मावशी कुणाकडं फारशी गेली नाही. आपल्या खोलीत बसून हॉटेलातून आलेल्या उशांच्या खोळी दुरुस्त करायची आणि ऐकायची.

मग हंगाम सरला. एका सकाळी उजव्या घरासमोर गाडी आली. मुलीच्या वडिलांचं इथलं हंगामाचं काम संपलं होतं. मुलगी दोरी गळ्यात अडकवून गाडीत बसली. आठ दिवसांनी आजीबाई किल्ली घेऊन दारात.

"आम्ही निघालो हो."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? घरी. थंडीत इथं कोण राहतंय? यांचे गुडघे धरतात. ही किल्ली ठेवा, कधीतरी खिडक्या उघडा. तुम्ही आहात म्हणून बरं, घराला जाग राहील."

पंधरवड्यात एकोणीसपैकी अठरा घरांना कुलपं लागली. मावशी ओट्यावर उभी राहून एकेक दार बघत गेली. घराला जाग राहावी म्हणून तिला ठेवलं होतं. तिला जाग यावी म्हणून कोण होतं?

नळ मात्र धो धो वाहत होता.

उन्हाच्या पाठीवरची थंडी कोरडी. ऊन लख्ख, आभाळ निळं, वारा एकाच सुरात. मावशी कपडे धुवायची आणि ते लगेच वाळायचे. मग दिवसभर काय करायचं? वाळलेले पुन्हा धुवायची. एकदा तर तिनं गादीची खोळ आठवड्यात तीनदा धुतली. चहा दोन कप टाकला जायचा, मग दुसरा गार करून प्यायची, कारण टाकवत नसे. किल्ली घेऊन आजीबाईंच्या घरी जायची, खिडक्या उघडायची, फर्निचरवर टाकलेली फडकी झटकून परत घालायची. एक दिवस कुलपाला किल्ली लावायच्या आधी तिच्या तोंडून गेलं, "येऊ का?"

आणि ती थांबली. खरंच थांबली, उत्तर यायला लागतो तेवढा वेळ.

त्या दिवशी तिनं खिडक्या उघडल्या नाहीत. तशीच माघारी वळली.

चारेक दिवसांनी साबण संपला म्हणून ती बाजारात उतरली. दुकानात उभी राहून "एक वडी द्या" म्हणायला गेली, तर घशातून नुसता खरखराट निघाला. दुकानदारानं वर बघितलं.

"घसा बसला का मावशी?"

तिनं खाकरून आवाज मोकळा केला. "बसला नाही. वापरला नाही."

दुकानदाराला तो विनोद वाटला. तो हसला, शेजारच्या गिऱ्हाइकालाही सांगितलं. मावशी साबण न घेताच बाहेर पडली आणि तरातरा अगदीभाऊच्या दुकानात शिरली. तो किल्ल्यांच्या फळीखाली बसून बशीतला चहा ओढत होता.

"बारमाही म्हणाला होतात ना?"

"हो. का? नळ आटला?"

"नळाला काय धाड भरलीय! माणसं आटली. तिथं चिटपाखरू नाही."

अगदीभाऊनं बशी खाली ठेवली. "माणसं? तुम्ही माणसांचं विचारलंत कधी?"

"मग कशाचं विचारलं?"

"पाण्याचं! अहो, तुम्ही आयुष्यभर धुण्यातली बाई. नळावर हात ठेवून विचारता, इथलं बारमाही आहे ना. मी दुसरं काय समजू? बारमाही पाणी असतं. माणूस बारमाही असतो हे मी आजच ऐकतोय."

मावशी खुर्चीवर बसली. खरं होतं. दुसऱ्या कुणी बाईनं विचारलं असतं तर भाऊनं कदाचित विचारलं असतं, काय बारमाही? पण चादरमावशी पाण्यापलीकडचं काही मागेल, हे त्याला सुचणारच नव्हतं. एकतीस वर्षांत तिनं तसं कुणाला सुचूच दिलं नव्हतं.

"सरळ विचारायचं ना," भाऊ जरा हळू झाला. "माणसं राहतात का म्हणून."

"त्याला तोंड लागतं."

"तुमचं तोंड? मॅनेजर घाबरतो तुमच्या तोंडाला!"

"ते चादरीपुरतं."

आयुष्यात पहिल्यांदा भाऊनं "अगदी" म्हटलं नाही. मग मागं वळून त्यानं फळीवरची एक गंजलेली किल्ली काढली, पण पुढं केली नाही.

"ओढ्याच्या आळीतली ती खोली अजून पडून आहे. कुणी घेईना. करार मी बदलून देतो, चूक निम्मी माझी. पण मावशी, तिथं तुमचा रुमाल संध्याकाळपर्यंत वाळला नव्हता. मी साक्षीला होतो. उन्हातून उठून तिकडं जायचं म्हणजे बैलानं आपण होऊन जू मानेवर घेण्यातला प्रकार."

"तिथं बारमाही काय काय आहे, ते आधी सांगा. सगळं."

"ओल."

"आणखी?"

"डास. शेवाळ. वरून गटार तुंबलं की वास."

"आणखी?"

"भांडणं," भाऊ म्हणाला. "ती मात्र पाऊस बघत नाहीत, थंडी बघत नाहीत."

"आणा किल्ली."

मावशी आळीत राहायला आली ती भर थंडीत. तिचं सामान हातगाडीवरून उतरताना बायकांनी नळावरून माना वळवल्या आणि परत फिरवल्या. कुणी पुढं आलं नाही. वरून, उन्हाच्या पाठीवरून खाली आलेली बाई म्हणजे एक तर बुडालेली, नाहीतर डोकं फिरलेली, आणि दोन्हीपासून लांब राहिलेलं बरं.

ओलीनं मात्र लगेच ओळख काढली. मीठ भांड्यात रडायला लागलं. काडेपेटी ओढून ओढून गुळगुळीत झाली, पेटेना. कपाटातल्या घड्यांवर पंधरा दिवसांत काळे ठिपके. जी बाई पाहुण्यांच्या पाठीला ओल लागू देत नव्हती, ती स्वतः दमट पांघरुणात निजायला लागली. हे तिला फार लागलं. एकदा वाटलंसुद्धा, चुकलंच. आगीतून उठून फुफाट्यात नाही, हौदात पडले.

भिंतीपलीकडे शिवणवाली राहायची, नवरा माल वाहायच्या गाडीवर. तिकडचं सगळं ऐकू यायचं. मशीन चालायचं, चमचा पडायचा, नवरा विचारायचा माझे मोजे कुठं आहेत, ती म्हणायची माझ्या डोक्यावर. मावशी भिंतीला पाठ लावून ऐकायची. जे हवं होतं ते मिळालं होतं. आणि तरी आठ-दहा दिवस गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की हे काही तसं नाही. खेळ बघायला बसावं आणि आपलं तिकीट कुणी विचारूही नये, तसं चाललंय. तिला आळी ऐकू येत होती, पण आळीला ती ऐकू येत नव्हती. नळावर तिची पाळी आली की बायका घागर सरकवून वाट द्यायच्या, निमूट. एवढ्या भांडकुदळ आळीत तिच्याशी भांडायलाही कुणी तयार नव्हतं.

ओल शेवटी छातीत उतरली. खोकला लागला, आधी सकाळचा, मग दिवसाचा. एका दुपारी, जेवणं उरकून आळी जरा शांत झाली होती तेव्हा, ती खाटेवर बसून खोकत होती. थांबायचा म्हणता थांबेना. डोळ्यांत पाणी आलं.

भिंतीवर धाडकन कशानं तरी मारलं.

"ओ बाई! जरा दमानं खोका की! माणूस रात्रभर गाडी हाकून आत्ता आडवा झालाय!"

मावशी खोकता खोकता थांबली. इकडं तिकडं बघितलं. खोलीत दुसरी बाई नव्हती.

"मी काय हौसेनं खोकते?" ती भिंतीला म्हणाली.

"मग औषध घ्या!"

"घेतलंय!"

"कुठलं?"

"बाटलीतलं. लाल."

"त्या बाजारातल्या डॉक्टरचं? तो घोड्यालाही तेच देतो आणि माणसालाही. त्यानं काही होणार नाही. छातीला शेक घ्या. आणि ती खाट भिंतीपासून लांब ओढा, बाहेरच्या भिंतीला लावलीय ना तुम्ही? मला माहीतच होतं. आधीच्या भाडेकरूनंही तेच केलं होतं."

"त्याचं काय झालं?"

"काय व्हायचंय? गेला."

"वर?"

"वर कशाला, भावाकडं गेला! तोंड बघा या बाईचं!" पलीकडून पुरुषाचा झोपाळू आवाज आला, "अगं, आता तूच ओरडतेयस," आणि शिवणवाली त्याला म्हणाली, "तुम्ही निजा हो!"

मग सगळं शांत झालं. मावशीनं खाट ओढली. जड होती, दोनदा पाय घसरला. ती भिंतीपासून हातभर लांब नेऊन बसली. घशात आता काही खवखवत नव्हतं. दुपार ओढ्यावरून हळूहळू सरकत होती, खोलीत ऊन नव्हतंच. तिनं थोडा वेळ वाट बघितली.

आणि मग, खोकला आलेला नसताना, ती एकदा खोकली.

"परत?" भिंत म्हणाली.